चुडामण महाराजांनी काढलेले पडदे

सन १९५५. दिवाळी होऊन तीन आठवडे झाले होते, कपाशीची दुसरी वेचणी चालू होती, आणि आमच्या गावात झिपरू पाटलाच्या खळ्यावर दिवस उजाडायच्या आत बैलगाड्या येऊन उभ्या राहत होत्या. गावाचं नाव लिहीत नाही. जामनेरपासून तीन कोसांवर, एवढं पुरे. त्या वेळी काडेपेट्यांत घालून जे जपून ठेवलं गेलं, ते एखाद्या घरात अजूनही असेल. त्या घरातली नातवंडं आता शिकलेली आहेत. त्यांना खाली बघायला लावावं अशी माझी इच्छा नाही.

खळ्याच्या मधोमध घोंगडीवर चुडामण महाराज बसत. अंगाने किडकिडीत, दाढी मेंदीने लाल केलेली, शेजारी तांब्याची एक डबी. पिंपळनेरच्या पलीकडून आलेत, असं झिपरू सांगे, आणि बोलीही तिकडचीच होती. समोर माणूस बसला की महाराज त्याची हनुवटी धरून डोळ्यात बघत आणि दुःखाने मान हलवत.

"पडदा शे, माय. बठ्ठा डोयावर पडदा शे."

"पुऱ्या डोयावर पडदा हाये म्हनतात," झिपरू मागून मोठ्याने सांगे. महाराजांची बोली आम्हा सगळ्यांना कळत होती. तरी झिपरूने पुन्हा सांगितलं की तीच गोष्ट जास्त खरी वाटे.

"डोया देवनी दिधा, पडदा कर्मनी दिधा. डोयाना मांगे जाईसन बसेल शे. मी त्याले बलावस, तो येस."

"डोयाच्या मांगं बसेल हाये. महाराज बोलावतीन, मंग तो येईन."

मग महाराज डबीतून तुळशीचं एक ओलं पान काढत, जिभेवर ठेवत आणि तोंड मिटत. तोंड पवित्र झालं, आता बोलायचं नाही. दोन बोटांनी समोरच्याच्या पापण्या फाकवून ते खाली वाकत आणि उघड्या डोळ्यावरून जीभ फिरवत. आम्हा पोरींना पहिल्या दिवशी शिसारी आली. दुसऱ्या दिवशी येईनाशी झाली. चार वेळा जीभ फिरली की महाराज मान वर करत, पदराने डोळा पुसायला खुणावत, आणि मग पापणीच्या कोपऱ्यातून चिमटीने काहीतरी हळूहळू ओढून काढत. पातळ, गोल, कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखं, आरपार दिसणारं. ते ओलंच त्या माणसाच्या तळहातावर ठेवत. शंभर माणसांचा श्वास एकदम बाहेर पडे.

त्याला उग्र वास येई. "रोगाचा वास हाये तो," बाया म्हणत.

पडदा घरी न्यायचा, कापसात गुंडाळून काडेपेटीत घालायचा आणि देवापाशी ठेवायचा. डोळ्यावर तूप-काजळ लावून सात दिवस पट्टी बांधायची. पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. दुखलं तर पट्टी सोडायची नाही. "जितलं दुखी, तितला देव काम करी," महाराज सांगत.

आणखी एक नियम होता. ज्याच्या चुलीवर मांसमासळी शिजते त्याने खळ्यात पाऊल टाकायचं नाही. अशा माणसाच्या सावलीनेही पडदा आत पळतो म्हणे. आमच्या आळीला हा नियम फार आवडला. आमच्या घरांतून अंडंसुद्धा कधी आलेलं नव्हतं. महाराज आपल्याच घरांसाठी आले आहेत, असं आम्हाला वाटलं. गावातली बाकीची माणसं कुंपणाच्या काट्यांपलीकडे उभी राहून लांबून बघत. तिथून त्यांना महाराजांची पाठ तेवढी दिसे.

माझी मोठी बहीण बेबा तेव्हा अठरा वर्षांची होती. मी तिला अक्का म्हणायची. ती फायनलच्या परीक्षेला बसणार होती. सातवीची ती परीक्षा पास झालं की त्या काळी शाळेत मास्तरीण होता यायचं, आणि आमच्या गावातल्या एकाही मुलीने तोवर ती दिली नव्हती. लहानपणी शाळा सुटलेली होती. वडिलांच्या मागे लागून तिने ती पुन्हा धरली. दिवसा वेचणीला जायची, कंदिलाजवळ पुस्तक नाकाला लावून वाचायची. फळ्यावरचं तिला दिसत नसे. डोळे सारखे चुरचुरत, चोळून चोळून लाल होत. शाळेच्या बाईंनी वडिलांना बोलावून सांगितलं की मुलीला जळगावला नेऊन डोळे तपासा, चष्मा लागेल.

वडिलांना गाव शालिग्राम नाना म्हणे. शब्दाला पक्का माणूस. केळीच्या बागेत एकही झाड वाकडं उभं राहिलेलं त्यांना खपत नसे. बाईंचं त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि घरी येऊन मायला म्हणाले, "चष्मेवाली पोरगी कोन करीन? लोकं म्हनतीन, आंधयी हाये."

"मंग परीक्षा कशी देईन ते?" माय म्हणाली.

"त्याचंच पाहू राह्यलो मी."

महाराज आले तेव्हा वडिलांना वाटलं, सापडलं. चष्म्यावाचून डोळा साफ होणार, परीक्षाही होणार, लग्नही होणार. वडील दुष्ट नव्हते हे मला इथे लिहून ठेवायचं आहे. त्यांना अक्काचं सगळंच व्हायला हवं होतं.

अक्का घोंगडीपुढे बसली तेव्हा मी तिचं डोकं मागून धरलं होतं. चौदा वर्षांची होते मी. उजव्या डोळ्यातून पडदा निघाला. तो मी या डोळ्यांनी पाहिला, आणि जे डोळ्यांनी पाहिलं ते खरंच असतं, असं मला त्या वयात वाटत होतं. डावा डोळा आठ दिवसांनी करू, असं महाराज म्हणाले.

तिसऱ्या दिवशी दुपारी घरात आम्ही दोघीच होतो.

"कुंदे, पट्टी सोड व. मले सहन नाही होत. डोयात काचच गेल्यासारखं टोचू राह्यलं."

"अक्का, सात दिवस व्हयाचे आहेत ना."

"थोडं पाहू दे. पान्यानं धू दे फक्त. कोनाले नको सांगू."

मी पट्टी सोडली नाही. मायला जाऊन सांगितलं, मायने वडिलांना सांगितलं, आणि वडिलांनी पट्टीवरून आणखी एक फडकं आवळून बांधलं. आयुष्यात माझ्या हातून बऱ्याच चुका झाल्या. ही एक मी कोणापाशी बोलले नव्हते.

सातव्या दिवशी पट्टी सोडली. पापणी सुजून टम्म झाली होती आणि चिकटली होती. कोमट पाण्याने मायने ती सोडवली तेव्हा आतून पू आला. बुबुळाच्या मधोमध तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका होता. अक्काने डावा डोळा झाकून माझ्याकडे पाहिलं.

"तू कुठी हायेस?" तिने विचारलं. मी तिच्या पुढ्यात बसले होते.

वडील तिला तसंच खळ्यावर घेऊन गेले. महाराजांनी डोळा पाहिला आणि ते जराही डगमगले नाहीत. "पडदाखाले आखो एक पडदा शे. पाप जुनं शे."

"अजून एक हाये म्हनतात, नाना," झिपरू म्हणाला. "बसवा पोरीले."

वडिलांचा हात अक्काच्या खांद्यावर होता. ते तिला खाली बसवणारच होते. अक्का बसली नाही.

"नाना, मले जयगावले ने," ती म्हणाली. "नाही त मी पायी जाईन."

एवढ्या माणसांत बापाला उलट बोलणारी मुलगी मी तोवर पाहिली नव्हती. घरी येऊन वडिलांनी गाडी जुंपली. जामनेरहून आम्ही मोटारीने जळगावला गेलो. मी बरोबर होते, आणि का कोण जाणे, देवापुढची ती काडेपेटी मी परकराच्या नेफ्यात खोचून घेतली होती.

रतिलाल डॉक्टरांचा दवाखाना दोन खोल्यांचा होता. डॉक्टर मुंबईला शिकून आलेले, बोलायला मऊ. त्यांनी अक्काच्या डोळ्यात पिवळं औषध सोडलं आणि निळ्या दिव्याखाली बघितलं. तो पांढरा ठिपका हिरवागार चमकला.

"जिथे हिरवं दिसतं तिथे जखम आहे," ते म्हणाले. "खोल आहे. नाना, डोळ्यात काय घातलं होतं?"

मी काडेपेटी काढून टेबलावर ठेवली.

"हा अक्काच्या डोळ्यातून निघाला," मी म्हटलं.

डॉक्टरांनी पडदा बशीतल्या पाण्यात टाकला. वाळून वाकडा झालेला तो हळूहळू पसरला. त्यांनी भिंग धरलं आणि मला जवळ बोलावलं. "बघ. काय दिसतं?"

"गोल गोल रेघा. एकात एक."

"माणसाच्या डोळ्यात अशा रेघा कुठेच नसतात." ते थांबले, आणि फरशी पुसणाऱ्या बाईला त्यांनी हाक मारली. "तानुबाई, हे ओळखता का?"

तानुबाई तापीकाठची. तिचा नवरा झुलाल नदीत जाळं टाकायचा आणि ती सकाळी मासळी विकून दुपारी दवाखान्यात कामाला यायची. तिने हात पुसले, पडदा चिमटीत उचलला, नाकाशी नेला आणि हसली.

"हे त मासाचं खवलं हाये, डाक्टर. लहान्या मासाचं. याच्या कडा कोनं कातरल्या?"

मग तिने अक्काचा डोळा पाहिला आणि तिचं हसू गेलं.

"मासाचं?" वडील म्हणाले. आठ दिवस ते आमच्या देवापाशी होतं, रोज त्याला हळदकुंकू वाहिलं जात होतं. वडील उठून बाहेर नळावर गेले आणि हात धुऊ लागले. बराच वेळ धूत होते. मला तेव्हा वाटलं, विटाळ झाला म्हणून धुताहेत. ते खवल्यासाठी धूत नव्हते, हे कळायला मला फार वर्षं लागली.

ते आत आल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की अक्काच्या डोळ्यात मुळात काहीच नव्हतं. तिला लांबचं कमी दिसत होतं, त्याला चष्मा पुरे होता. कंदिलाशी वाचताना पापणी मिटायचं भान राहत नाही, त्यात कपाशीची धूळ, म्हणून डोळे कोरडे पडून चुरचुरत होते. स्वच्छ पाणी आणि थोडी विश्रांती, एवढंच काम होतं.

"पन महाराज म्हने, मांगून येते," वडील म्हणाले.

"नाना, डोळ्याच्या मागे काही जाऊ शकत नाही आणि मागून काही येऊ शकत नाही. पापणीच्या आतली नाजूक कातडी वळून डोळ्यालाच चिकटलेली असते. तळ शिवलेल्या पिशवीसारखी. त्याने खवला तोंडात भिजवून मऊ केला, जिभेने पापणीखाली सरकवला आणि बोटाने काढला. खवल्याच्या कडेने बुबुळ खरचटलं. वर त्याची थुंकी, वर काजळ, वर सात दिवस पट्टी. जखमेला याहून वाईट काय करणार?"

"मग माणसांना बरं कसं वाटतं?" मी विचारलं. "आमच्या आळीतली भिकुबाई म्हणते, तिला लख्ख दिसायला लागलं."

"तू सात दिवस डोळा बांध आणि मग उन्हात सोड. तुलाही लख्ख दिसेल."

अक्काने एकच विचारलं. "डॉक्टर, मले वाचता येईन का?"

"डाव्या डोळ्याने येईल, बेटा. उजव्याचं आज सांगता येत नाही."

अक्काला जळगावला मावशीकडे ठेवलं. पुढच्या रविवारी डॉक्टर आपण होऊन गावात आले. बरोबर तानुबाई होती, आणि तिच्या डोक्यावर ओल्या फडक्याने झाकलेली टोपली.

खळ्यात पाय ठेवण्याआधीच झिपरू आडवा आला. "बाई कोन हाये? नियम माहीत हाये ना?"

"म्हायती हाये, भाऊ," तानुबाई म्हणाली. "म्हनूनच आली. मी मासोयी खाते, इकते, साफ बी करते. तुमच्या महाराजाले माह्या सावलीची भीती कायले वाटते, तेच पाहाले आली." तिने कुंपणाबाहेरच बसकण मारली, टोपलीतून एक मासळी काढली आणि शेपटीकडून विळीच्या पाठीने खरवडू लागली.

गर्दी नाक दाबून मागे सरली. कोणी शिव्या दिल्या. पण बाया बघत राहिल्या. खवले उडून थाळीतल्या पाण्यात पडत होते. पातळ, गोल, आरपार दिसणारे.

"ज्यांच्याकडे पडदे आहेत त्यांनी घेऊन या," डॉक्टर म्हणाले. "या थाळीतल्यांशी ताडून बघा. माझ्यावर विश्वास ठेवू नका."

आधी कोणी हललं नाही. मग म्हातारी भिकुबाई घरी जाऊन काडेपेटी घेऊन आली. तिने आपला पडदा तानुबाईच्या थाळीत टाकला आणि क्षणभराने तो कोणता ते तिला ओळखता येईना. ती वाकून शोधत राहिली. ते पाहून इतर बाया एकेक करत घराकडे निघाल्या.

महाराज घोंगडीवरून उठले नव्हते. "हाई बठ्ठी माया शे," ते म्हणाले. "देवना पडदा आनि मासाना पडदा सारखाच दखास. मासा बी देवनाच शे."

"मासा बी देवाचाच हाये म्हनतात," झिपरू म्हणाला. या वेळी त्याचा आवाज लहान होता आणि एक दोघं हसले.

"तर मग माझा डोळा तपासा, महाराज," डॉक्टर म्हणाले. "माझ्या घरी मासळी शिजत नाही. नियमात बसतो. फक्त आधी चूळ भरा."

"चूळ भरी त पाननं व्रत मोडस."

"पान दाखवा मग."

"पाननी पूजा करेल शे. मी कोनले हात लावू देस नही."

डॉक्टर पुढे काही बोलणार तोच माझे वडील उठले. इतका वेळ ते खळ्याच्या कडेला मातीत बसून होते. गर्दीतून वाट काढत ते घोंगडीवर गेले, महाराजांच्या शेजारची तांब्याची डबी त्यांनी उचलली आणि झाकण उघडलं. आत ओली तुळशीची पानं होती. त्यांनी वरचं पान घेतलं आणि उलटं केलं. पानाच्या पाठीला दोन खवले चिकटले होते. दुसरं पान उलटं केलं. तिसरं केलं. मग डबीच गर्दीसमोर धरली.

"मी शालिग्राम," ते म्हणाले, जसं काही गावाला त्यांचं नाव माहीत नव्हतं. "माह्या पोरीचा डोया मीच याच्यापुढं नेला. पट्टी मीच आवयली. ज्याले पाहाचं हाये त्यानं पाहून घ्या."

कोणी महाराजांना मारलं नाही. मारलं असतं तर गावाला बरं वाटलं असतं, असं मला आता वाटतं. माणसं नुसती उठून निघाली. गर्दीला एकमेकांकडे बघवत नव्हतं.

डॉक्टरांनी निघालेल्या माणसांना थांबवून समजावून सांगितलं की जो नियम तुम्हाला मानाचा वाटला तो तुमच्याचसाठी रचला होता. ज्यांनी खवला जन्मात पाहिला नाही अशीच घरं चुडामणाला हवी होती. ज्याने एका नजरेत ओळखला असता त्याला त्याने काट्यांपलीकडे उभं केलं, आणि तुम्हाला ते बरोबर वाटलं.

हे ऐकून गाव शहाणं झालं असेल असं वाचणाऱ्याला वाटेल. डॉक्टर आणि तानुबाई मोटार धरायला निघाले. तानुबाईने पाणी मागितलं होतं. मायने तिला ते वरून ओंजळीत ओतलं. आणि त्यांची पाठ वळताच दोन बायांनी शेणाचं पाणी आणून, ती जिथे बसली होती ती जागा शिंपून काढली. तानुबाईने मागे वळून पाहिलं. टोपली दुसऱ्या हातात घेतली आणि चालू लागली.

अक्काचा डोळा तीन महिन्यांनी भरून आला, पण बुबुळावर पांढरं फूल राहिलं. उन्हाळ्यात तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी टेबलाच्या खणातून एक लहान डबी काढली. पाण्यात एक काचेसारखी गोल चकती होती, बोटाच्या नखाएवढी.

"हे भिंग आहे. बुबुळावर बसतं. मुंबईत असताना नमुना म्हणून मिळालं होतं. तुझं बुबुळ व्रणामुळे खडबडीत झालंय, म्हणून फुलाच्या कडेने जो उजेड आत जातो तोही वेडावाकडा जातो. हे बसवलं तर पृष्ठभाग गुळगुळीत होईल. सगळं दिसेल असं मी म्हणणार नाही. पण आजच्यापेक्षा बरं दिसेल. माप घेऊन मुंबईहून करवून आणू."

अक्का डबीकडे बघत राहिली. प्रश्न मीच विचारले.

"हे डोळ्याच्या मागे गेलं तर?"

"जाणार नाही. पिशवीचा तळ शिवलेला आहे, सांगितलं होतं ना. फार तर पापणीखाली सरकेल. घाबरायचं नाही, हळूच परत आणायचं."

"टोचेल?"

"पहिले काही दिवस बोचेल, पाणी येईल. एक तास, मग दोन तास, असं वाढवायचं."

"झोपताना?"

"काढून ठेवायचं. बुबुळाला हवा समोरूनच मिळते. लावताना हात साबणाने धुवायचे. थुंकी कधीही लावायची नाही. आणि डोळा लाल झाला, दुखायला लागला, उजेड सहन होईना, तर त्याच क्षणी काढायचं आणि माझ्याकडे यायचं. दुखतंय तरी ठेवू, असं म्हणायचं नाही. दुखून डोळा आपल्याला काहीतरी सांगत असतो."

तिसऱ्या दिवसाची दुपार माझ्यापुढे उभी राहिली. वडील खिडकीबाहेर बघत होते.

"बेबा, लाव व," ते म्हणाले. "मी मुंबईले घेऊन जातो तुले."

अक्काने डबीचं झाकण हळूच लावलं आणि ती डॉक्टरांकडे सरकवली. "तुम्ही खरं सांगता, डॉक्टर. मले पटते. पन आता माह्या डोयावर कोनी काही ठेवलं त मी जीव देईन. तुम्ही मले चष्मा द्या."

चुडामणाने तिचा एक डोळा नेला हे सगळ्यांना दिसलं. ज्या औषधाने थोडं परत मिळालं असतं त्यावरचा भरवसाही त्याने नेला, हे त्या खोलीतल्या चौघांनाच माहीत. लबाडीची ही बाजू फार कमी लोक लिहितात, म्हणून मी लिहिते आहे.

वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. डोळ्यांनी पाहिलं एवढ्यावर थांबू नका. जो दाखवतो आहे त्याला चूळ भरायला सांगा, पान उलटं करून बघा, आणि तो कोणाला लांब ठेवतो आहे ते आधी बघा. ज्याला त्याने लांब ठेवलं आहे त्याला जवळ बोलावून विचारा. आणि दुखत असेल तर पट्टी सोडा. कोणत्याही देवाला तुमचं दुखणं नको असतं.

आता त्या माणसांचं पुढे काय झालं ते सांगते. चुडामण त्याच संध्याकाळी गेला. फिर्याद द्यायची तर नावं हवी होती. वडील एकटे जामनेरला जाऊन नाव देऊन आले. बाकीच्या कुठल्याही घराने दिलं नाही. पुढच्या वर्षी तो निमाडात कुणाला दिसला होता म्हणतात, तिथे पोटातले खडे काढत होता. झिपरू पाटील बरीच वर्षं जगला. त्या दिवसापासून तो कोणाचंही बोलणं पुन्हा सांगत नसे. रतिलाल डॉक्टरांनी साठ साली दवाखाना मोठा केला. झुलाल एका पुरात गेला. तानुबाई म्हातारपणापर्यंत त्याच दवाखान्यात होती. अक्का जळगावला गेली की तिच्याकडे जेवूनच परत यायची, आणि ते आमच्या आळीला कधीही आवडलं नाही.

वडिलांनी स्वतः अक्काला चष्मा आणून दिला. ती घरी असेल तेव्हा रोज सकाळी तो धोतराच्या सोग्याने पुसून तिच्या उशाशी ठेवण्याचं काम त्यांनी दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही. तिचं लग्न झालं नाही. दोनदा स्थळ चालून आलं होतं, तिनेच नको म्हटलं. एकोणीसशे सत्तरमध्ये वडील वारले. शेवटच्या दिवसांत ते तिला ओळखत नव्हते, पण चष्मा मागून घेत आणि पुसत बसत.

अक्का सत्तावन्न साली फायनल पास झाली आणि वरणगावजवळच्या एका शाळेत एकतीस वर्षं मास्तरीण होती. वर्गात कोणाचा डोळा लाल दिसला की ती शिकवणं थांबवून त्या मुलीला थेट दवाखान्यात न्यायची. घरच्यांना विचारत नसे. एकदा एक बाप भांडायला आला. म्हणाला, आमच्या पोरीचा डोळा आम्ही बघून घेऊ, आमचे महाराज आहेत. अक्का त्याच्याशी वाद घालत बसली नाही. तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला, डावा डोळा हाताने झाकला आणि त्याला म्हणाली, "भाऊ, तुम्ही कुठी उभे हायेत ते सांगा, म्हनजे मी तुमच्याकडं पाहून बोलते."